तांब्याचा लेप दिलेल्या शिंपल्यांच्या जाळीपिशव्या : आठ महिन्यांचा अनुभव

सांगोल्याकडील आमच्या शेततळ्यात मोत्यांसाठी गोड्या पाण्यातील शिंपले सोडताना मी सोलापुरातील एका विक्रेत्याकडून तांब्याचा लेप असलेल्या ४० पिशव्या प्रत्येकी ९० रुपयांना घेतल्या आणि २० साध्या नायलॉनच्या पिशव्या ३५ रुपयांना. प्रत्येक पिशवीत दोन शिंपले, सगळ्या पिशव्या एकाच पाइपला टांगलेल्या, एक मीटर खोलीवर. फरक फक्त लेपाचा होता.

तीन महिने मी या पिशव्यांची स्तुतीच करत होतो. साध्या जाळीवर पंधरवड्यातच शेवाळ धरे, मग ब्रायोझोआ या वसाहतींनी राहणाऱ्या जिवांचा बुळबुळीत थर चढे. शिंपला पाणी गाळूनच खातो, त्यामुळे जाळीची भोके बुजली की आतला जीव उपाशी राहतो. लेपवाली जाळी मात्र स्वच्छ होती. दोन शेजाऱ्यांना मी ती घ्यायलाही सांगितले, याचे आज वाईट वाटते.

मार्चअखेर सगळ्या पिशव्या उघडल्या तेव्हा लेपवाल्या पिशव्यांतील ८० पैकी २७ शिंपले मेलेले निघाले, साध्यांतील ४० पैकी ४. जे जगले त्यांच्याही कवचाच्या कडेला नवी वाढ जवळजवळ नव्हती. आधी मी उन्हाळ्याला दोष दिला, पण ऊन दोन्हींना सारखेच होते. डाळिंबावरील तेल्या रोगासाठी आम्ही मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो आणि त्याचे पिंप तळ्यात कधीच धूत नाही. तेच तांबे मी शिंपल्यांभोवती स्वतःच्या हाताने गुंडाळले होते, हे ध्यानात यायला मला इतका वेळ लागायला नको होता. तांबे जाणवले की शिंपला कवच मिटून घेतो, आणि मिटलेला शिंपला खात नाही.

विक्रेत्याचे म्हणणे असे की हा माल समुद्रात उत्तम चालतो, आणि माहितीपत्रकावर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जिवाचे चित्रही आहे. बार्नेकलची पिले खाऱ्या पाण्यात दोरांना, जाळ्यांना आणि कालवांच्या कवचांनाही चिकटतात, ओझे वाढवतात, अन्नात वाटेकरी होतात, हे खरेच. पण ती शेततळ्यात नसतात, म्हणजे जी पीडा इकडे नाहीच तिच्यावरच्या औषधाचे पैसे मी मोजले. शिवाय समुद्रातही कालवांजवळ विष जपूनच वापरावे लागते. फ्रान्समधील आर्काशोन उपसागरात बोटींना जीव चिकटू नयेत म्हणून रंगात घातलेल्या ट्रायब्युटिल टिन या विषामुळे कालवांची कवचे वेडीवाकडी जाड झाली आणि त्या देशाने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली. चिकटणारा जीव आणि पाळलेला जीव दोन्ही पाण्यातलेच असल्यामुळे एकाला मारणारे द्रव्य दुसऱ्याला सोडील, असे गृहीत धरता येत नाही.

शिवण मात्र भक्कम आहे, एकही टाका उसवला नाही, हे नोंदवणे न्यायाचे.

आता दर पंधरा दिवसांनी शिंपले जादा साध्या पिशवीत हलवतो आणि मळलेली पिशवी दिवसभर उन्हात टाकतो. सोलापूरच्या उन्हात शेवाळ कडकडीत वाळते आणि ब्रशने झडून जाते. किनाऱ्यावरही ओहोटीला कालवांच्या पिशव्या उघड्या ठेवून हेच साधतात. एप्रिलपासून या पद्धतीने दोनच शिंपले मेले. विक्रेत्याने पैसे परत न देता त्याच पिशव्या बदलून देऊ केल्या. मी त्या घेतल्या नाहीत.