घरच्या लेथला व्हीएफडी, डीसी मोटर की शिलाई मशीनची सर्व्हो?

घरात सिंगल फेज आहे, कोपऱ्यात छोटी लेथ किंवा बेल्ट ग्राइंडर आहे आणि वेग कमीजास्त करायचाय. आधी एक खूळ डोक्यातून काढा: आहे तीच कपॅसिटर-स्टार्ट मोटर रेग्युलेटर लावून हळू चालवायचं. मी ते करून बसलोय. मोटरनं वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा आत एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो. वेग बराच उतरला की तो पुन्हा जुळतो, स्टार्टिंग वाइंडिंग चालूच राहतं आणि धूर निघतो. रिवाइंडिंगवाल्यानं कारणही विचारलं नाही, नुसता हसला. अशा मोटरीला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह, लावला तरी तीच गत.

लेथसाठी माझं मत सरळ आहे: थ्री फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी. असा ड्राइव्ह 230 व्होल्ट घेतो आणि 230 व्होल्टच थ्री फेज देतो, 415 नाही. सोलापुरात बंद पडलेल्या मागाची एक एचपी मोटर जुन्या बाजारात दिसली, तर किमतीआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. स्टार आणि डेल्टा या आतली तीन वाइंडिंगं जोडायच्या दोन पद्धती; आपल्याला 415 ला स्टार आणि 230 ला डेल्टा चालणारी मोटर हवी. सहा टोकं असतील तर स्टारच्या पट्ट्या काढून डेल्टा करता येतं. पण नेमप्लेटवर 415 डेल्टा लिहिलं असेल तर ती आपल्या कामाची नाही. तीनच वायरी बाहेर असतील, तर स्टारचा सांधा आत गाडलेला असतो. तो सोडवणं रिवाइंडिंगवाल्याचं काम. स्टारमध्येच चालवली तर मोटर फिरते, पण जोर साधारण एक तृतीयांशावर येतो आणि जरा खोल काप घेतला की अडते.

शिवाय 1440 आरपीएमची मोटर नेहमीच्या 50 ऐवजी 25 हर्ट्झवर 720 च्या आसपास फिरते तेव्हा एक एचपीची ताकद अर्धीच उरते. म्हणून स्टेप पुली (लहान-मोठ्या पायऱ्यांची पुली) फेकू नका. जाड काम पट्टा बदलूनच करा. फार हळू चालवलं तर मोटरीचा पंखाही हळू फिरतो, आणि मे महिन्यातलं आपलं ऊन सांगायला नको.

डीसी मोटरची गोष्ट सोपी: कमी वेगातही जोर चांगला, ड्राइव्ह साधा, फक्त कार्बन ब्रश झिजतात. मोटर नव्यानंच घ्यायची असेल आणि मशीन लहान असेल, तर मी हीच घेईन.

शिलाई मशीनची सर्व्हो मोटर युनिफॉर्मच्या कारखान्यांमुळे इथं सहज दिसते. बेल्ट ग्राइंडरला चालून जाते. पण ती थांबत-थांबत शिवण्यासाठी बनलेली, तासभर सलग कापायला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी एवढं बघा: मागाची तूस ड्राइव्हच्या पंख्यात अडकते. ड्राइव्ह जाळी लावलेल्या मोठ्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, अर्थिंग नीट करा. साफ करताना लाइन काढून निदान पाच मिनिटं थांबा, आत चार्ज राहतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालू नका, चालू-बंद ड्राइव्हवरूनच. आणि लेथचा चक (काम पकडणारा भाग) आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर एकदम ब्रेक किंवा उलटं फिरवणं नको, तो सुटून अंगावर येईल.

ड्रिल मशीनला यातलं काहीच लागत नाही. पट्टा सरकवायला दोन मिनिटं लागतात.