रंग अंगभर हवा की एका बटणापुरता?

नवी वस्तू बनवणारे बरेच जण रंगाचा विचार साचा तयार झाल्यावर करतात. तो आधी व्हायला हवा. रंगातून वस्तूचा स्वभाव दाखवायचा की तिचा वापर, यावर साच्यात किती भाग असतील हेही ठरतं. निर्णय घेण्याआधी दोन जुन्या वस्तू शेजारी ठेवून बघा: इटलीच्या ऑलिवेत्ती कंपनीचा ‘व्हॅलेंटाइन’ टाइपरायटर (1969) आणि जर्मनीच्या ब्राउन कंपनीचा ईटी 66 कॅल्क्युलेटर (1987).

व्हॅलेंटाइन एत्तोरे सोत्सास आणि पेरी किंग या डिझायनरांचा. लालभडक एबीएस प्लास्टिकचं अंग, पेटीही लाल, रिबिनीच्या रिळांवर नारिंगी टोप्या. आतली यंत्रणा बरीचशी त्याच कंपनीच्या लेटेरा 32 या आधीच्या टाइपरायटरची, म्हणजे टायपिंगमध्ये फारसं नवं काही नव्हतं. तरीही कचेरीतलं करडं यंत्र एकदम घरातलं, प्रवासात सोबत न्यावंसं वाटणारं झालं. ही रंगाची आणि आकाराची कमाई, आणि मला ती फार मोठी वाटते. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो आज आहे. विक्रीत मात्र त्याला फारसं यश मिळालं नाही. अंगभर रंग काहींना पहिल्या नजरेत जिंकतो आणि बाकीच्यांना तिथूनच परत पाठवतो.

डीटर राम्स आणि डीट्रिश लुब्स या डिझायनरांच्या ईटी 66 चं अंग काळं, बटणं गोल आणि फुगीर. बेरीज-वजाबाकीची बटणं तपकिरी, आणि बरोबरचं चिन्ह तेवढं पिवळं. हिशेब मांडून झाला की बोट तिकडेच जातं. काळ्यावरचा पिवळा उजळपणामुळेही उठून दिसतो, त्यामुळे लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यालाही तो सापडतो. स्वभाव इथेही आहे: शांत, नेमका, वापरणाऱ्याचा वेळ जपणारा.

खर्चाचं गणितही वेगळं. अंगभर तीन रंग ठेवले की तीन साठे सांभाळावे लागतात आणि न खपणारा रंग गोदामात पडून राहतो. वरून रंगवण्यापेक्षा प्लास्टिकमध्येच मास्टरबॅच (रंगाचे दाट दाणे) मिसळा, म्हणजे ओरखडा पडला तरी खाली तोच रंग दिसेल. लाल निवडलात तर नमुना उन्हात ठेवून तपासा; काही लाल रंगद्रव्यं लवकर फिकी पडतात. दुसऱ्या वाटेत, म्हणजे एकाच बटणाला रंग देताना, रंगीत भाग वेगळा ओतावा लागतो, पण साठा एकच. तिथे खरी अडचण शिस्तीची. प्रत्येक बटणाला रंग मागणारं कुणीतरी बैठकीत असतंच, आणि चार रंगीत बटणं झाली की एकाकडेही लक्ष जात नाही.

वजनकाटा, बीपीचं यंत्र, मिक्सर अशा रोज हाताळायच्या वस्तूला मी बिनदिक्कत दुसरी वाट सुचवेन. भेट द्यायची, मिरवायची किंवा मुलांच्या हौसेची वस्तू असेल, तर पहिली. मन ठरत नसेल तर आधी एक बिनरंगी नमुना चार जणांच्या हातात द्या आणि त्यांचं बोट कुठे अडखळतं ते पाहा. तशी जागा सापडली तर रंग तिथे द्या. नाही सापडली, तर अंगभर रंगाचा विचार खुशाल करा.