जपानमध्ये मुक्काम कुठे करायचा? काही महिन्यांच्या फिरतीनंतर

कंपनीच्या कामासाठी टोकियोत आहे आणि जोडून सुट्टी आली की बॅग उचलतो. एव्हाना बहुतेक सगळ्या प्रकारच्या ठिकाणी झोपून झालंय.

रोजच्या फिरतीला बिझनेस हॉटेलच बरं. खोली एवढीशी, की मोठी बॅग उघडायची तर पलंगावरच! पण स्वच्छता चोख, स्टेशन जवळ, रात्रीचे कपडे आणि टूथब्रश हॉटेलचेच. मोठी बॅग काउंटरवरून कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवता येते, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते.

कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एकावर एक रचलेले झोपण्यापुरते कप्पे (पहिलं ओसाकात, १९७९ साली), एकट्याला एका रात्रीपुरतं ठीक. आत उठून बसता येतं, पण दाराऐवजी नुसता पडदा. शेजाऱ्याचं घोरणं फुकटात.

र्‍योकानचं गणित वेगळं. हे पारंपरिक जपानी पद्धतीचं अतिथिगृह. भाडं खोलीवर नाही, माणशी लागतं. त्यात बहुतेक वेळा रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर आकडा बघून घाम फुटतो. पैसे वसूल करायचे तर दुपारी तीनलाच पोचा. युकाता (सुती किमोनो) घालून गरम झऱ्याच्या स्नानाला जा. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग साबणाने धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, तेही अंगावर काहीच न ठेवता. लाज पाचेक मिनिटं वाटते. जेवण सहाच्या सुमारास. तेवढ्यात तातामीवर (खोलीभर अंथरलेल्या जाड चटयांवर) गाद्या घालून ठेवतात. दिवसभर भटकून रात्री नऊला उगवणार असाल तर र्‍योकानच्या वाटेला जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनो, नुसतं ‘मासे नकोत’ सांगून भागत नाही. सूप, उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी (उकळून काढलेला अर्क) असते, आणि ती बहुधा वाळवलेल्या माशाची. तीही नको, हे बुकिंगलाच कळवा.

नाहीतर सरळ कोयासान या मंदिरांच्या डोंगरावर जा. ओसाकाच्या नांबाहून नानकाई रेल्वे, पुढे केबल कार. बौद्ध भिक्षू कुकाई यांनी ८१६ पासून वसवलेल्या या ठिकाणी पन्नासेक मंदिरांत प्रवाशांची सोय होते. जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही: तिळाचं तोफू, गोठवून वाळवलेलं तोफू म्हणजे कोया-दोफू, भाज्यांचा तेंपुरा (भज्यांसारखा). सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना. काही ठिकाणी त्यानंतर अग्नीत आहुतीही देतात, अगदी आपल्या होमासारखी. स्वस्त मात्र नाही. बऱ्याच ठिकाणी संडास सामाईक, आणि हिवाळ्यात कागदी दारांतून थंडी आत येते.

आई-बाबा येणार आहेत, त्यांचं बुकिंग तिथेच केलंय. गुडघ्यांमुळे जेवायला खुर्ची मिळेल ना, एवढं आधी विचारून घेतलं.