समुद्राच्या वाळूतले जीव बघायला घेतलेला मायक्रोस्कोप, सहा महिने वापरून

हा स्टुडंट मायक्रोस्कोप मी फक्त एका कामासाठी घेतला, समुद्रतळाच्या वाळूत राहणारे सूक्ष्मजीव बघायला. ४०, १०० आणि ४०० पट दिसतं, उजेड वरूनही आणि खालूनही, बॅटरीवर चालतो म्हणून ओहोटीला किनाऱ्यावर नेता येतो. माझं मत विचाराल तर १०० पटीसाठी डोळे मिटून घ्या. सोनेरी-तपकिरी डायटम (काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शैवाल) वाळूच्या कणांच्या मधून होडीसारखे सरकताना इतके स्वच्छ दिसतात, पाय नाहीत काही नाही, कवचाच्या फटीतून चिकट स्राव सोडत पुढे जातात, मी अर्धा तास एकाच्याच मागे स्लाइड सरकवत होते!

४०० वर मात्र जपून. लेन्स काचेच्या एवढी जवळ येते की वाळूचा एक कण जरी खाली राहिला तरी कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) कलते आणि लेन्सला घासते, माझ्या लेन्सवर ओरखडा पडलाय तो असाच. त्यामुळे आधी जीव वाळूतून वेगळे काढा. ओल्या वाळूवर लेन्स पुसायचा पातळ कागद पसरून उजेडात ठेवला की काही तासांत डायटम उजेडाकडे वर येत कागदात शिरतात. सिलिएट (केसांसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय जीव) हवे असतील तर उलिग या संशोधकांची १९६४ ची पद्धत, नळीला खाली जाळी, त्यावर वाळू, वर समुद्राच्याच पाण्याचा बर्फ, तो वितळत जातो तसे ते खालच्या डिशमध्ये उतरतात. भारी चालते.

बॅक्टेरियांसाठी घेत असाल तर नका घेऊ. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संशोधन संस्थेने हेल्गोलँड बेटाजवळची वाळू तपासली होती (२०१८), एकेका कणावर दहा हजार ते एक लाख पेशी, त्याही भेगांत आणि खळग्यांत दाटीने, उघड्या उंचवट्यावर जवळपास नाहीत कारण तिथे कण एकमेकांवर घासतात. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे हेच, खरं मोठं काम यांचं, आणि कणावर बसलेले हे इथे दिसतच नाहीत, त्याला चमकणारा रंग आणि ती चमक दाखवणारा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप लागतो. खोक्यावर जादा आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) २००० पट असं छापलंय त्यावर जाऊ नका, साध्या उजेडात ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही, नुसतं धूसर मोठं होतं.

आणि वापरून झालं की स्टेज डिस्टिल्ड वॉटरने पुसा, खारं पाणी सुकलं की क्लिपा गंजतात.