डोंगरउताराची वडिलोपार्जित जमीन: हिरड्याचे रान राखावे की काजूची बाग करावी?

नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या आणि आंबेगाव, जुन्नर किंवा खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मालकी रान असलेल्या आदिवासी कुटुंबांत वाटणीच्या वेळी हा प्रश्न हमखास निघतो. एका भावाला झाडे ठेकेदाराला देऊन काजूची बाग करायची असते, दुसऱ्याला रान आहे तसे ठेवायचे असते, आणि ज्याची गुरे त्याच रानात चरतात त्या गावाकडच्या चुलतभावाला कोणी विचारलेलेच नसते. जमीन विकून मोकळे होण्याचा तिसरा पर्याय येथे विचारात घेतलेला नाही, कारण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला हस्तांतरित करण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक निर्बंध आहेत.

हिरड्याचे फळ बी धरण्यापूर्वी, कोवळे असताना काढून वाळवले की त्याला बाळहिरडा म्हणतात आणि औषधी बाजारात त्याला पिकल्या हिरड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात पसरलेली हिरवी फळे दररोज हाताने परतावी लागतात. नीट वाळली की ती काळी पडतात, सुरकुततात आणि ओंजळीत हलवली तर खड्यांसारखी वाजतात. या उत्पन्नाला लागवड, खत, फवारणी यांपैकी कशाचाही खर्च नाही. शिवाय पैसा हाती येतो तो भाताच्या पेरणीच्या तोंडावर, म्हणजे गावाकडच्या घरात रोकड सर्वांत कमी असते तेव्हा. माझ्या मते एकूण रकमेपेक्षा ही वेळच अधिक मोलाची आहे. उणिवाही लपवण्यासारख्या नाहीत: भाव व्यापारी ठरवतो, झाडावर चढण्यात जिवाची जोखीम असते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातले हिरडे मुळासकट उन्मळले, तसे झाले तर नवे झाड फळाला येईपर्यंत अनेक वर्षे जातात. याच रानातल्या बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. अशी झाडे राखून, नियम पाळून केलेल्या संकलनाला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानातला माल निसर्ग राखून गोळा केल्याची खूण) मिळू शकते आणि त्यावर चांगला भाव मागता येतो, मात्र ते एकट्या कुटुंबाचे काम नव्हे. त्यासाठी गावाने एकत्र यावे लागते.

काजूचा हिशोब कागदावर अधिक देखणा दिसतो. सात बाय सात मीटर अंतराने हेक्टरी सुमारे दोनशे कलमे बसतात, चौथ्या-पाचव्या वर्षापासून विकण्याजोगे उत्पन्न सुरू होते, आणि २०१८ पासून राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना अनुदानही देते. त्या कागदावर जे येत नाही ते असे, की पहिले दोन-तीन उन्हाळे कलमांना पाणी घालायला, वानर हाकायला आणि वणव्याआधी जाळरेषा काढायला माणूस जागेवर लागतो, आणि पुण्याहून शनिवार-रविवारी जाऊन ही कामे होत नाहीत. हिरडा, ऐन, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने मालकीच्या रानातही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यात डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता यावर मतभेद झाले. तरीही तीव्र उतारावर जेसीबी लावून मुळे उपटण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

शेती आणि रान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा समजही येथे फसवतो. भाताच्या रोपांसाठी चुलतभाऊ राब भाजतो, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळतो, आणि त्यासाठी लागणारी टहाळी याच रानातल्या ऐनाची असते. रान गेले की तो टहाळी तोडायला शेजारच्या वनखात्याच्या हद्दीत जाईल आणि दंडाचा धनी होईल. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने इंधनावरच्या कराचा काही भाग खासगी जंगल राखणाऱ्या मालकांना देण्याची सोय केली; आपल्याकडे तसा मोबदला सरसकट मिळत नाही, म्हणून राखलेल्या रानाची कमाई बहुतांशी हिरड्यातूनच काढावी लागते.

त्यामुळे सगळ्या जमिनीला एकच निर्णय लावू नये. जेथे बैलांचा नांगर चालत नाही तो उतार हिरड्यासाठी राखावा, खाचरे चुलतभावाकडे भातासाठी राहू द्यावीत, आणि घराजवळचा, विहिरीचे पाणी मिळणारा सौम्य उताराचा तुकडा असेल तरच तेथे काजू लावावा, तोही गावी राहणारे कोणी जबाबदारी घेत असेल तर. बाळहिरड्यातला चुलतभावाचा हिस्सा तोंडी न ठेवता लिहून द्यावा. वाटणीपत्र करण्यापूर्वी मे महिन्यात सर्व भावांनी एकदा रानात जाऊन फळाला आलेले हिरडे मोजावेत आणि खोडांवर गेरूने आकडे घालावेत. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसते, कोणाच्या वाट्याला किती हिरडे येतात ते दिसत नाही.