गोटे चिकटवलेलं नांद्रुक

मार्चमध्ये हायवेवरच्या एका नर्सरीतून १४५० रुपयांना पहिलं बोन्साय आणलं. हिचं म्हणणं, एवढ्यात हापूसची चार कलमं आली असती. खरं आहे, पण लावायची कुठे? रत्नागिरीजवळच्या भाट्याचं आमचं घर म्हणजे पुढे ओटी, मागे विहीर, संपलं.

झाड मात्र देखणं. नांद्रुक. खोड बुंध्याशी अंगठ्याहून जाड, वर निमुळतं होत गेलेलं, मुळं मातीला पंजा रोवून बसलेली. घोळ सगळा सजावटीत. मातीवर पांढरे गोटे कशानेतरी पक्के चिकटवलेले आणि सोबत चिठ्ठी : ‘घरात ठेवा, दोन दिवसांनी कपभर पाणी.’ टीव्हीशेजारी ठेवून मी इमानेइतबारे कप ओतत होतो. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. फोन केला तर उत्तर, “पाणी जास्त झालं असेल.”

शेवटी स्क्रूड्रायव्हरने गोटे उचकटले. वर बोटाच्या पेराएवढी ओल, खाली माती विटेसारखी कोरडी! पाणी गोट्यांवरून ओघळून बशीत जात होतं. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तारही सालीत रुतलेली. उलगडायला गेलो तर साल सोलली असती, म्हणून पकडीने तुकडे करून काढली. फांदी नखाने खरवडून बघितली. आत हिरवी, वर पांढरा चीक. म्हणजे धुगधुगी होती.

कंपाउंडच्या कामातला उरलेला जांभा दगड फोडला, चाळून भुकटी टाकून दिली, हरभऱ्याएवढे खडे ठेवले. दोन वाटे खडे, एक वाटा जुनं शेणखत, कुंडीच्या भोकावर प्लॅस्टिकच्या मच्छरजाळीचा तुकडा. मुक्काम ओटीवर, सकाळच्या उन्हात. पाणी आता मातीत बोट खुपसून ठरतं, आणि द्यायचं तर खालून निथळेपर्यंत. मे महिन्यात दिवसातून दोन वेळा लागायचं.

जूनमध्ये एक रात्र पागोळीखाली राहिलं, सकाळी निम्मे खडे अंगणात. ती चूक माझी.

झाडाला चार तारे, चिठ्ठीला आणि फोनवरच्या उत्तराला मिळून एक. घेणार असाल तर गोटे तिथेच काढून मागा आणि कुंडीचं भोक उलटून बघा.

श्रावणात खालच्या फांदीतून शेवईएवढी पारंबी डोकावली. शेजारचे तात्या बघून म्हणाले, “वडाचा भाऊबंद तो, मरतोय कसला!”