गाडीवरचे टवके घरी बुजवण्याचं किट: माझी फसवणूक कशी झाली

खडी उडून बॉनेटवर पडलेले टवके घरच्या घरी, हात बसलेला नसतानाही, कायमचे ‘अदृश्य’ करून देतो असं सांगणारी किट्स ऑनलाइन विकली जातात. त्यातलं एक मी घेतलं. पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे टवक्याखाली पत्रा गंजत राहिला आणि वर बसलेल्या चकचकीत थरामुळे तो गंज फार उशिरा दिसला. विक्रेत्याचं नाव देत नाही. ही नावं बदलत राहतात, फसवण्याची पद्धत मात्र तीच राहते. म्हणून पद्धतच तपशिलात लिहिते.

घरी टवका बुजवता येतो, हे खरं आहे. नीट वेळ देऊन केलं तर चांगला बुजतो. या लोकांनी मला सांगितलेल्या बहुतेक गोष्टी अशाच खऱ्या होत्या, आणि म्हणूनच संशय आला नाही. रंगाचा कोड महत्त्वाचा असतो, खरं. रंग पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, तेही खरं. गंज आधी मारावा लागतो, हेही खरं. यातली प्रत्येक खरी गोष्ट त्यांनी माझ्याविरुद्ध वापरली.

आधी टवका म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. पत्र्याला धरून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडी जास्त. खडी नुसत्या क्लिअर कोटला लागली तर पांढुरका ठिपका दिसतो. ती पत्र्यापर्यंत गेली तर ओलावा आणि हवा थेट लोखंडाला भिडतात आणि गंज रंगाच्या खालून कडेकडेनं पसरत जातो. वरून ठिपका तेवढाच दिसतो, खाली तो वाढलेला असतो. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर तिथे गंजाचा प्रश्न नाही, पण बॉनेट, छताची पुढची कड आणि चाकांच्या कमानी या जागी उशीर महागात पडतो.

आता त्यांचा व्हिडिओ. टवके पडलेलं बॉनेट, त्यावर बाटलीतून पारदर्शक द्रव (यालाच ते ‘रेझिन’ म्हणतात), कापडाचा एक फटका, आणि टवके गायब. नंतर मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. बॉनेटवर पडलेलं एका खांबाचं प्रतिबिंब ‘आधी’च्या दृश्यात डावीकडे होतं आणि ‘नंतर’च्या दृश्यात उजवीकडे. म्हणजे मधे चित्रीकरण तोडलं होतं आणि गाडी किंवा कॅमेरा हलवला होता. दुसरं म्हणजे ‘नंतर’च्या दृश्यात पृष्ठभाग ओला होता. ही ओलेपणाचीच सगळी करामत आहे. खरचटलेल्या जागी उजेड वेडावाकडा फुटतो, म्हणून ती जागा पांढरट दिसते. त्या खाचेत पाणी किंवा तेल भरलं की उजेड जवळपास सरळ आत जातो आणि खरचटलेलं दिसेनासं होतं. क्लिअर कोटचा वक्रीभवनांक (उजेड आत शिरताना किती वाकतो त्याचं माप) साधारण १.५, पाण्याचा १.३३, आणि तेलं त्या दोहोंच्या मधे, क्लिअर कोटच्या बरीच जवळ. त्यामुळे तेल पाण्यापेक्षाही छान फसवतं, आणि वाळतही नाही. तुमच्या गाडीवरच्या एखाद्या बारीक ओरखड्यावर ओलं बोट फिरवून बघा, हाच चमत्कार फुकट दिसेल.

ऑर्डर देताना त्यांनी माझ्याकडे रंगाचा कोड मागितला. दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा डिकीत उत्पादकाची पट्टी असते, तिच्यावर तो छापलेला असतो. खरा टचअपचा रंग विकणारा हा कोड विचारतोच, कारण ‘सिल्व्हर’ या एका नावाखाली असंख्य वेगवेगळ्या छटा असतात. कोड मागितल्यावर माझा विश्वास पक्का झाला. बाटली आली, तिच्यावर माझा कोड छापलेलं लेबल होतं. लेबलची एक कड उचकटलेली होती. ती सोलली तर खाली दुसरं लेबल, त्यावर कोड नाही, फक्त रंगाचं साधं नाव. कोणत्याही सिल्व्हर गाडीच्या मालकाला हीच बाटली जात असणार, फक्त वरचा कागद वेगळा.

पांढऱ्या जाड कागदावर एक थेंब वाळवून तो दिवसाउजेडी बॉनेटला लावून पाहिला. माझ्या गाडीचा रंग मेटॅलिक आहे, म्हणजे त्यात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. बाटलीतला रंग सपाट राखाडी होता, कितीही हलवली तरी चमक नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरा मेटॅलिक रंगसुद्धा ब्रशनं लावला तर हुबेहूब जुळत नाही. कारखान्यात तो फवारला जातो आणि पापुद्रे आडवे निजतात. ब्रशनं ते कसेही पडतात, त्यामुळे ठिपका थोडा गडद दिसतो. सिल्व्हरमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं, साध्या पांढऱ्यात सगळ्यात कमी. तेव्हा ‘जवळून बघितलं तरी ओळखू येणार नाही’ असं मेटॅलिक रंगाबद्दल जो छातीठोकपणे सांगतो, त्याला एक तर कामाची माहिती नाही किंवा तो खोटं बोलतोय.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं, तेही अतिशय नम्र. ‘मॅडम, ओला रंग वेगळाच दिसतो. वरून आमचं रेझिन लावा आणि पूर्ण क्युअर होऊ द्या, मग फरक बघा.’ हे उत्तर नीट वाचा, कारण सापळा इथेच आहे. कारखान्यातला रंग भट्टीत साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. घरी हवेवर वाळणाऱ्या रंगाला पूर्ण कडक व्हायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. ही गोष्ट खरी असल्यामुळे वाट बघणं मला योग्यच वाटलं. तेवढ्यात पैसे परत मागायची मुदत उलटली. मग त्याच नम्र माणसानं अटींचं कलम दाखवलं: सील तोडलेली बाटली परत घेतली जाणार नाही. सील तोडल्याशिवाय रंग जुळतो का ते कळणार नाही, आणि सील तोडलं की पैसे मिळणार नाहीत. हा नियम चुकून झालेला नाही. तो विचार करून लिहिलेला आहे, आणि याचा मला अजूनही संताप येतो.

ते ‘रेझिन’ लावल्यावर टवके खरंच चकाकू लागले होते. काही धुण्यांनंतर थर कडेनं पांढुरका झाला, आणि पावसानंतर एका टवक्यात तपकिरी टिंब दिसलं. गाडी एका जुन्या जाणत्या पेंटरला दाखवली. त्यांनी टवक्याच्या कडेला नख लावलं, तर तो थर टेपसारखा उचलून आला.

‘ताई, हे लावायच्या आधी गंज काढला होता का?’

‘हो काका, किटमध्ये गंज खाणारं औषध होतं. ते लावून पुसलं, मग वर थर दिला.’

‘ते औषध आणा बघू.’

त्यांनी गंजलेल्या खिळ्यावर ते लावून ठेवलं. गंज मारणाऱ्या खऱ्या द्रवात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं. ते गंजाला लागलं की तिथला लाल-तपकिरी रंग जाऊन काळसर होतो, कारण गंजाचं दुसऱ्या, टिकाऊ संयुगात रूपांतर होतं. आमचा खिळा होता तसाच राहिला, फक्त तेलकट झाला. काका म्हणाले, ‘हे नुसतं तेल आहे. तेलावर कुठलाच रंग धरत नाही. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलंत, पण त्यांनी रंग न धरण्याचीच सोय करून दिली.’

घरी असलेल्या कुठल्याही ‘रस्ट रिमूव्हर’ला ही खिळ्याची परीक्षा लावता येते. रेझिनसाठीही तशीच एक परीक्षा आहे: व्हिडिओत दाखवतात त्या द्रवाचा एक थेंब नको असलेल्या रंगवलेल्या पत्र्याच्या ओरखड्यावर लावा, सांगितला आहे तेवढा वेळ वाळू द्या, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं हलकेच पुसा. तेल किंवा मेण असेल तर ते निघून ओरखडा पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. थिनरनं मात्र पुसू नका. टचअपचा खरा रंगही त्यानं विरघळू शकतो आणि मग परीक्षा चुकीची ठरते.

किटमध्ये ‘जादूचं कापड’ही होतं. त्यात बारीक घासणारी पूड आणि तेल असतं. मी ते टवक्याच्या भोवती फिरवलं होतं. काकांनी रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र लावून दाखवलं, तिथला क्लिअर कोट आजूबाजूपेक्षा पातळ झाला होता. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग तोच वाचवतो. एकदा घासून गेलेला तो परत येत नाही. टवका म्हणजे खड्डा. भोवतालचा भाग घासून खड्डा भरत नाही, हे कुणी व्हिडिओत सांगत नाही.

पुढचं काम मी काकांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं केलं. टवका साबणानं, मग अल्कोहोलनं स्वच्छ केला, कारण मेणाचा जरासा अंश राहिला तरी रंग सुटतो. गंज पेनासारख्या काचतंतूच्या खरवडणीनं फक्त टवक्याच्या आतच खरवडला, चकचकीत धातू दिसेपर्यंत. कोपऱ्यात राहिलेल्या कणासाठी गंज मारणारं खरं औषध. मग प्रायमरचा टिपका. मग कोडप्रमाणे बनवलेला बेस कोट, एकदम थेंब न टाकता टोकदार काडीनं पातळ पातळ हात देत, प्रत्येक हात वाळवून. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे करू नये. वरचा भाग झटकन वाळतो आणि आत बुडबुडे अडकतात. शेवटी क्लिअर कोट, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर. तो नीट कडक झाल्यावर २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर लहानशा कडक ठोकळ्याला लावून फक्त उंचवटा उतरवायचा, मग पॉलिश. हा शेवटचा भाग धीरानं झाला नाही तर क्लिअर कोट कापला जातो, त्यामुळे हात धजत नसेल तर उंचवटा तसाच ठेवावा. पत्रा झाकला गेला, हेच मुख्य काम.

टवके आता चार पावलांवरून दिसत नाहीत. जवळून बघितलं की दिसतात. गंज थांबलाय.

पैशांसाठी मी शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली. विक्रेत्याशी झालेली बातचीत, दोन लेबलांचे फोटो, कागदावरचा नमुना आणि खिळ्याचा फोटो जोडला. ‘माल आवडला नाही’ असं लिहू नका, ते टिकत नाही. ‘वर्णन केलेली वस्तू मिळाली नाही, दिलेल्या कोडचा रंग म्हणून दुसऱ्याच लेबलची बाटली पाठवली’ असं लिहा. रक्कम बँकेनं परत केली. या हरकतीला मुदत असते, म्हणून विक्रेता ‘अजून थोडं थांबा’ म्हणतो तेव्हाच कागदपत्रं जमवायला लागा. बाटली, खोकं आणि दोन्ही लेबलं फेकू नका.

विकत घेण्याआधी त्यांना एवढंच विचारा: माझ्या कोडच्या रंगाचा थेंब कागदावर वाळवून त्याचा फोटो पाठवाल का? आणि सील तोडल्यावर रंग जुळला नाही तर काय? खरा रंग मिसळून देणारा पहिल्याला हो म्हणतो आणि दुसऱ्याचं सरळ उत्तर देतो. मी दुसऱ्यांदा रंग जिथून घेतला तिथे त्यांनी स्वतःहून सांगितलं की मेटॅलिक आहे, थोडा फरक राहील. माझा तो जुना विक्रेता आता वेगळ्या नावानं तोच व्हिडिओ दाखवून विकतोय, आणि खालच्या अभिप्रायांत पॅकिंगचं आणि लवकर पोचल्याचं कौतुक आहे, एका पावसाळ्यानंतर टवका कसा दिसतो याचा एकही फोटो नाही. मी त्या पानाची तक्रार केली आहे. तुम्हाला दिसलं तर तुम्हीही करा, आणि तक्रारीत दोन लेबलांचा मुद्दा लिहा.